रताळी उत्पादक कुटुंबांची पाहणी : माहिती गोळा करण्याची कोणती पद्धत निवडावी?

प्रश्न – पश्चिमभाग

नमस्कार. मी बेळगावातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र विषयात एम. ए. करीत आहे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील रताळी उत्पादक कुटुंबांचे उत्पन्न, लागवडीचा खर्च आणि त्यातील स्त्रियांच्या श्रमाचा वाटा, असा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. उचगाव, तुरमुरी, बेळगुंदी, बिजगर्णी, कुद्रेमनी या पट्ट्यातील पुष्कळ घरांत एकजण उद्यमबागेत किंवा सीमेपलीकडे शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, शेतातील बहुतेक कामे घरातील स्त्रिया करतात आणि माल बेळगावच्या बाजार समितीत येतो. हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. परंतु तेवढ्यावर प्रबंध लिहिता येत नाही, असे माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे आणि ते मला मान्य आहे.

माझ्यापुढे सध्या दोन मार्ग आहेत. गूगल फॉर्म तयार करून तो गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर, युवक मंडळांच्या आणि स्त्रीशक्ती संघांच्या मार्फत पाठवावा, म्हणजे थोड्या दिवसांत पुष्कळ उत्तरे हाती येतील, हा एक विचार. घरोघरी जाऊन मुलाखती घ्याव्यात, हा दुसरा. मार्गदर्शकांनी 'सोयीचा नमुना चालणार नाही, यादृच्छिक नमुना हवा' असे बजावले आहे. यादृच्छिक, स्तरित, समूह, पद्धतशीर अशा सर्व पद्धतींच्या व्याख्या पाठ्यपुस्तकात आहेत. परंतु एखाद्या गावाच्या वेशीत उभे राहिल्यावर पहिले घर कोणते निवडायचे, हे त्या व्याख्यांवरून उमगत नाही.

याखेरीज किती कुटुंबे पुरेशी होतील, सरकारी आकडेवारी कितपत वापरावी आणि खासगी सावकाराच्या कर्जासारखी नाजूक गोष्ट कशी विचारावी, यांविषयीही जाणकारांनी लिहावे, ही विनंती. या गावांत बहुसंख्य कुटुंबे मराठी बोलणारी असली तरी काही घरे कन्नड बोलणारी आहेत, म्हणून प्रश्नावली दोन्ही भाषांत ठेवणार आहे.

उत्तर – निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक, टिळकवाडी

प्रश्नावली मोबाइलवर भरून घ्यावी की कागदावर, हा प्रश्न पुष्कळ नंतरचा आहे. पहिला प्रश्न यादीचा आहे. ज्या कुटुंबांविषयी तुम्हाला विधान करायचे आहे, त्या सर्वांची नावे कोणत्या तरी कागदावर आहेत का, आणि त्या कागदावर नसलेली कुटुंबे कोणती, हे ठरल्याशिवाय यादृच्छिक या शब्दाला अर्थ येत नाही. यादृच्छिक नमुना म्हणजे वाटेल ती घरे घेणे नव्हे. यादीतील प्रत्येक घराला निवडले जाण्याची ज्ञात आणि शून्याहून अधिक संधी असणे, म्हणजे यादृच्छिक नमुना. व्हॉट्सॲप गटावर फॉर्म टाकला की ही संधी कोणाला किती मिळाली, हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पुष्कळ उत्तरे मिळतील, या भरवशावर जाऊ नका. १९३६ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या. एवढ्या प्रचंड उत्तरांवरून त्यांनी उमेदवार लँडन निवडून येतील, असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या नोंदींवरून त्यांनी पत्ते मिळवले होते, म्हणजे मंदीच्या काळातील गरीब मतदार यादीत येतानाच गळला होता. आणि ज्यांना पत्रिका मिळाल्या त्यांपैकीही उत्तर देणारे व न देणारे एकाच मताचे नव्हते. नमुना मोठा केल्याने योगायोगाची चूक कमी होते, यादीची चूक जशीच्या तशी राहते. तुमच्या विषयात तर हा धोका थेट मुळाशी आहे, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांनीच स्वतः वापरण्याचा मोबाइल असल्याचे सांगितले होते. ज्यांच्या श्रमाचा तुम्हाला अभ्यास करायचा आहे, त्यांतील पुष्कळ जणी फॉर्मपर्यंत पोचणारच नाहीत, आणि त्यांच्या वतीने घरातील मुलगा उत्तरे भरील.

आता आपल्या भागात कोणत्या याद्या मिळतात ते पाहू. मतदार यादी व्यक्तींची असते, कुटुंबांची नव्हे. शिवाय पुण्या-मुंबईला गेलेल्यांची नावे तीत राहतात. रेशन कार्डांच्या यादीत एकाच चुलीची दोन कार्डे सापडतात. उताऱ्यावरील खातेदारांची यादी शेतीच्या अभ्यासाला सोयीची वाटते. परंतु तीत कित्येक ठिकाणी वारलेल्या आजोबांचे नाव कायम असते, चार भावांची सामाईक जमीन एकच खाते म्हणून दिसते आणि दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा कोठेच दिसत नाही. कृषी पत्तीन (शेतीसाठी कर्ज देणाऱ्या सहकारी) सोसायटीच्या यादीत कर्ज न घेणारे अल्पभूधारक सुटतात. २०२५ साली कर्नाटकात झालेल्या सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षणात घरांची ओळख वीजमीटरवरून करण्याचा मार्ग स्वीकारला गेला. मोठ्या प्रमाणावर काम करताना तो व्यवहार्य आहे, पण एका मीटरवर दोन कुटुंबे राहत असतील तर गणकाला ती वेगळी करावीच लागतात.

म्हणून माझा सल्ला असा की यादी तुम्ही स्वतः करावी. निवडलेल्या गावात पहिल्या फेरीत प्रत्येक गल्लीतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन प्रत्येक चुलीला क्रमांक द्यावा आणि दारातच तीन-चार गोष्टी विचाराव्यात : यंदा रताळी लावली का, साधारण किती गुंठ्यांत, घरातील कोणी कारखान्यात जाते का, आणि जमीन स्वतःची की वाट्याची. गावाबाहेर शेतातच घर बांधून राहणारी कुटुंबे या फेरीत आवर्जून घ्यावीत, कारण यादी करणाऱ्याचे पाय बहुधा गल्ली संपली की परत फिरतात. ही यादी हाती आली की उत्पादक कुटुंबांचे जमिनीनुसार दोन-तीन स्तर पाडता येतात. समजा, एका गावात अशी १८० कुटुंबे निघाली आणि तुम्हाला १२ हवी आहेत, तर १८० ला १२ ने भागून १५ चे अंतर येते. १ ते १५ यांमधील एक आकडा चिठ्ठी टाकून काढावा; ७ आला तर ७, २२, ३७ असे करीत १७२ पर्यंतची घरे तुमची. यादी जमिनीच्या चढत्या क्रमाने लावून मग हे अंतर टाकले, तर लहानमोठे सर्व शेतकरी आपोआप नमुन्यात येतात. वेशीत उभे राहून पहिले घर कोणते, याचे उत्तर हेच आहे की ते वेशीत ठरत नाही. ते घरी, टेबलाशी बसून, यादीवर ठरते.

निवडलेले घर बंद आढळले तर शेजारचे घ्यायचे नाही. दिवसभर कुलूप असणारे घर बहुधा सगळे हात मजुरीला जाणारे घर असते आणि शेजारी सदैव भेटणारे घर तसे नसते. अशी अदलाबदल दहा-वीस ठिकाणी झाली की नमुना हळूहळू सुस्थित कुटुंबांकडे सरकतो आणि तक्त्यात ते कोठेही दिसत नाही. वेगळ्या वेळी पुन्हा जावे, तरीही भेट न झाल्यास 'भेट नाही' अशी नोंद करावी आणि अशी किती घरे होती, ते प्रबंधात सांगावे.

उत्तर – क्षेत्रपाहणी, खानापूर

सरांनी यादीविषयी लिहिले ते योग्यच आहे. मी अनेक वर्षे निरनिराळ्या पाहण्यांसाठी खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत मुलाखती घेण्याचे काम केले असल्याने दारात पोचल्यानंतरचे लिहितो.

प्रश्नावली आणि अनुसूची यांत भेद करा. प्रश्नावली उत्तर देणारा स्वतः भरतो. अनुसूची गणक विचारून भरतो. तुमच्या कामाला अनुसूचीच हवी. ती कागदावर असो वा मोबाइलवर, फार फरक पडत नाही. मोबाइलवर भरल्यास मुलाखतीची वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदले जाते आणि बेरजेच्या चुका जागीच पकडता येतात, एवढा लाभ आहे. मात्र पश्चिमेकडील काही गावांत, आणि आमच्या बाजूला भीमगड अभयारण्यातील आमगाव, गवाळी यांसारख्या ठिकाणी तर निश्चितच, नेटवर्क नसते आणि पावसाळ्यात रस्ताही भरवशाचा नसतो, तेव्हा नेटवर्कशिवाय चालणारी सोय असल्याखेरीज मोबाइलवर विसंबू नये.

कन्नड अनुसूची केवळ भाषांतर करून चालणार नाही. कन्नडवरून दुसऱ्या कोणाकडून ती पुन्हा मराठीत आणून मूळ प्रश्नांशी ताडून पाहावी, आणि कन्नड बोलणाऱ्या घरी कन्नड बोलणाराच जावा. मातृभाषेचा प्रश्न विषयाला आवश्यक नसेल तर तो मुळीच विचारू नये. आपल्या भागात तो पहिल्या पानावर आला की समोरची व्यक्ती पुढील प्रत्येक उत्तर 'हा सर्व्हे कोणाच्या बाजूचा' असा विचार करून देते. विचारणे भागच असेल तर शेवटच्या पानावर ठेवावा.

उत्पन्नाचा प्रश्न अधिक कठीण आहे. कर्नाटक सरकारची स्त्रियांसाठीची दरमहा २,००० रुपयांची गृहलक्ष्मी योजना, रेशनवरील तांदूळ, बीपीएल कार्ड हे सगळे लाभ घराच्या स्थितीशी जोडलेले असल्यामुळे वही घेऊन आलेला प्रत्येक अनोळखी माणूस कार्ड रद्द करायला आला आहे, अशी शंका घेतली जाते, आणि ती निराधार आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. 'तुमचे वार्षिक उत्पन्न किती' या प्रश्नाला जे उत्तर मिळते ते उत्पन्न नसते, ती कार्डाची मर्यादा असते. म्हणून एकच मोठा प्रश्न विचारण्याऐवजी तो लहान लहान व्यवहारांत फोडावा : किती गुंठे लावले, किती पोती निघाली, कोणत्या आठवड्यात किती पोती बाजारात गेली, काय भाव लागला. अडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, घरात असेल तर ती पाहण्यास मागावी. पुष्कळ जण ती डब्यात जपून ठेवतात. उत्पन्न नंतर तुम्ही स्वतः मोजावे. संमती घेताना हे महाविद्यालयाचे काम असून कोणत्याही योजनेशी त्याचा संबंध नाही, हे स्पष्ट सांगावे. अनुसूचीवर नाव न लिहिता यादीचा क्रमांक लिहावा आणि नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवावी. जनगणना कायदा १९४८ च्या १५ व्या कलमाने जनगणनेच्या वैयक्तिक नोंदी कोणाला पाहता येत नाहीत आणि न्यायालयातही पुरावा म्हणून आणता येत नाहीत. तुमच्या पाहणीला तसे कायद्याचे कवच नाही, तेव्हा काळजी तुम्हालाच घ्यावी लागेल.

स्मरणाचा कालावधी हा मला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो आणि विद्यार्थी नेमके त्याकडेच दुर्लक्ष करतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५ व्या फेरीत, १९९९–२००० साली, अन्नखर्चाविषयी एकाच कुटुंबाला सात दिवसांचे आणि तीस दिवसांचे असे दोन्ही प्रश्न विचारले गेले. एका स्तंभातील उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली, पूर्वीच्या फेऱ्यांशी तुलना करणे अवघड झाले आणि देशातील दारिद्र्य खरोखर किती घटले, यावर अर्थशास्त्रज्ञांमध्ये कित्येक वर्षे वाद चालला. एवढ्या मोठ्या यंत्रणेची ही कथा, तर आपण अधिकच जपून असावे. तेल-साखर यांसारख्या नित्याच्या खर्चाला आठवडा किंवा महिना, खत-बियाण्याला हंगाम, लग्न-दवाखान्याला वर्ष, असे ठरवावे आणि ते अखेरपर्यंत बदलू नये. तारखा विचारू नयेत. 'नागपंचमीच्या आधी की नंतर', 'गणपतीत की दसऱ्याला' असे विचारले की आठवण नेमकी लागते. त्यातच त्या गावात महालक्ष्मी यात्रा कोणत्या वर्षी झाली, याची चौकशी आधीच करून ठेवावी. अनेक वर्षांनी येणाऱ्या यात्रेसाठी घराला रंग, पाहुण्यांचे जेवण आणि कपडालत्ता यांवर जो खर्च होतो, तो त्या वर्षाच्या सरासरीत मिसळला तर गाव एकाएकी श्रीमंत किंवा कर्जबाजारी दिसू लागते.

स्त्रियांच्या श्रमाविषयी 'दिवसाला किती तास काम करता' असे विचारल्यास काहीच हाती लागत नाही. 'काम काय, घरचंच' असे उत्तर येते. कालच्या दिवसाची पहाटेपासून रात्रीपर्यंत क्रमाने उजळणी करून घ्यावी. वेळ-वापराच्या पाहण्यांत हीच रीत असते. जनावरे, पाणी, वेल तोडणे, सरीवर लावणे, काढणीनंतर रताळी निवडून पोती भरणे हे सगळे त्यातून बाहेर पडते. लागवडीच्या दिवसांत एकदा आणि काढणीच्या दिवसांत एकदा अशा दोन फेऱ्या शक्य असतील तर कराव्यात. आणि हे प्रश्न त्या स्त्रीलाच विचारावेत, शक्य तर सासू किंवा नवरा शेजारी बसलेला नसताना.

अंतिम पाहणीपूर्वी नमुन्याबाहेरच्या एखाद्या गावात थोड्या घरी पथदर्शी पाहणी करावी. आठ-दहा पाने असलेल्या अनुसूचीतील निम्मी पाने तेथेच गळून पडतात.

उत्तर – शेतवडीतला

मी बेळगुंदीच्या बाजूचा शेतकरी आहे. वरील दोघांनी लिहिलेले वाचून उत्तर देणाऱ्याची बाजूही मांडावी, असे वाटले.

ताई, बुधवारी आणि शनिवारी येऊ नका. बाजाराचे ते दिवस असल्याने घरात कोणी सापडणार नाही, आणि सापडले तरी घाईत असेल. नवरात्राच्या सुमारास उपवासामुळे मागणी वाढते आणि काढणी जोरात असते, तेव्हा तर पाच मिनिटेही मिळणार नाहीत. त्या काळातील माहिती हवी असेल तर शेतात येऊन बांधावर उभे राहून पाहावे. विचारण्यापेक्षा पाहण्याने अधिक कळेल.

भावाविषयी एक सांगतो. एकाच हंगामात पहिल्या मालाचा आणि शेवटच्या मालाचा भाव यांत मोठे अंतर असते, तेव्हा 'यंदा भाव काय मिळाला' या प्रश्नाला प्रत्येक जण आपल्याला आठवणारा भाव सांगणार, आणि आठवतो तो एक तर सर्वांत चांगला, नाहीतर सर्वांत वाईट. पट्टीवरून खेपेखेपेला लिहून घ्यावे, हेच बरोबर. त्यात हमाली, तोलाई, गाडीभाडे, पोत्याचे पैसे वेगळे लिहावेत, कारण आम्ही सांगताना कधी ते धरून सांगतो, कधी वगळून.

खर्च सांगताना घरच्या माणसांची मजुरी कोणीही धरत नाही. आणि आणखी एक, आमच्या गावात याआधी जे जे वह्या घेऊन आले, त्यांतील कोणीही परत येऊन काय निघाले ते सांगितले नाही. तुमचा अभ्यास झाल्यावर गावच्या देवळात किंवा वाचनालयात अर्धा तास येऊन सांगितलेत, तर पुढे येणाऱ्याला लोक उभे करतील.

पश्चिमभाग

सर्वांची मी आभारी आहे. गूगल फॉर्मचा विचार सोडून देत आहे. माझ्यासोबत दोन मैत्रिणी मुलाखतींना येण्यास तयार आहेत, त्यांतील एकीला कन्नड उत्तम येते. दहा गावे निवडून प्रत्येक गावातून वीस, अशी २०० कुटुंबे घ्यावीत, असे योजले आहे. ही संख्या पुरेशी होईल का? सावकारी कर्जाचा प्रश्नही अजून शिल्लक आहे.

उत्तर – निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक, टिळकवाडी

पुस्तकातील सूत्र तुम्हाला ठाऊक असेलच : प्रमाण ५० टक्के धरले आणि ९५ टक्के विश्वासाने ५ टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घ्यायची असेल तर ३८५ कुटुंबे लागतात, ७ टक्के चूक चालत असेल तर १९६ पुरतात. यावरून २०० ही संख्या ठीक दिसते. परंतु हे सूत्र संपूर्ण पट्ट्यातून एकेक घर स्वतंत्रपणे निवडले आहे, असे गृहीत धरते. तुम्ही आधी गावे आणि मग घरे निवडणार. एका गावातील घरांची माती सारखी, पाण्याची सोय सारखी, पुष्कळदा माल नेणारी गाडीही तीच. त्यामुळे विसावे घर पहिल्या एकोणीस घरांहून फारसे नवे काही सांगत नाही. घरांमधील हे साम्य अंतर्गत सहसंबंधाने मोजतात. तो केवळ ०.०५ धरला, तरी गावातून वीस घरे घेतल्यास विचरण, म्हणजे अंदाजातील अनिश्चिततेचे माप, १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ पट होते आणि तुमच्या २०० कुटुंबांची किंमत सुमारे १०३ एवढीच उरते. तीच २०० कुटुंबे वीस गावांतून दहा-दहा घेतली तर पट १.४५ वर येते आणि किंमत १३८ होते. मुलाखती तेवढ्याच, प्रवास मात्र अधिक. याद्या करण्याचे श्रम वाढतात, हे मला मान्य आहे. तेव्हा पंधरा गावांवर तडजोड केली तरी चालेल, पण दहाच्या खाली जाऊ नये.

गावे निवडताना प्रत्येकाला सारखी संधी देऊ नका. मोठ्या गावाला त्याच्या कुटुंबसंख्येच्या प्रमाणात अधिक संधी द्यावी आणि मग प्रत्येक निवडलेल्या गावातून सारखीच घरे घ्यावीत. असे केल्याने कोणत्याही कुटुंबाची निवडले जाण्याची एकूण संधी जवळपास समान राहते आणि शेवटी भार लावून गणित करण्याची कटकट वाचते.

सावकारी कर्जासाठी स्टॅनले वॉर्नर यांनी १९६५ साली मांडलेल्या कल्पनेचे एक सोपे रूप वापरून पाहा. उत्तर देणाऱ्याने तुमच्याकडे पाठ करून नाणे उडवायचे. छापा पडला तर काहीही असो, 'होय' म्हणायचे. काटा पडला तर खरे ते सांगायचे. कोणाचे 'होय' नाण्याचे आणि कोणाचे कर्जाचे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, म्हणून त्याला भीती नाही. परंतु २०० पैकी १३० जणांनी 'होय' म्हटले, तर सुमारे १०० 'होय' नाण्याचे धरून उरलेल्या १०० जणांत ३० कर्जदार, म्हणजे ३० टक्के, असा अंदाज बांधता येतो. या गुप्ततेची किंमत मोजावी लागते : थेट विचारून खरे उत्तर मिळाले असते तर चूक साडेसहा टक्क्यांच्या आत राहिली असती, या रीतीने ती तेरा टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय हा खेळ समजावून सांगायला वेळ लागतो आणि काही वयस्क मंडळी तो थट्टेवारी नेतात. पथदर्शी पाहणीत चालला तरच ठेवावा.

उत्पादन मोजण्याविषयी जाता जाता एक गोष्ट लिहितो, कारण ती आपल्या माणसाची आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पां. वा. सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस या संख्याशास्त्रज्ञांमध्ये पीककापणी प्रयोगातील, म्हणजे शेताचा एक तुकडा आखून त्यातले पीक कापून मोजण्याच्या रीतीतील, तुकड्याच्या आकारावरून मोठा मतभेद झाला होता. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, कारण त्यात वेळ व खर्च वाचतो. सुखात्मे यांनी दाखवून दिले की तुकडा लहान असला की कडेवरची रोपे आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल जातो आणि उत्पादन वाढीव येते. आज बहुतेक पिकांसाठी पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा तुकडा घेतात. तुम्ही प्रत्यक्ष खणून मोजणार असाल तर कडेवरच्या वेलाचे काय करायचे, हा नियम आधी लिहून ठेवा आणि तिघींनीही तोच पाळा. बियाण्याच्या वेलाखालचा भाग मोजायचा की सोडायचा, हेही त्यातच ठरवावे.

उत्तर – जुने कागद

सरकारी आकडेवारीविषयी कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. गावांची निवड करण्यासाठी २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका उपयोगी पडेल, कारण तीत प्रत्येक गावाची कुटुंबसंख्या, शेतकरी आणि शेतमजूर यांची संख्या असते; संधी प्रमाणात देण्यासाठी सरांना हवे असलेले आकडे तेथेच मिळतील. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही, त्यामुळे हे आकडे जुने आहेत. बेळगाव शहराला लागून असलेल्या गावांत घरे एवढी वाढली आहेत की तेथे ते नुसते मार्गदर्शक समजावेत.

जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे जुने आकडे शेजारी शेजारी मांडण्यापूर्वी सीमा तपासा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, परंतु चंदगड तालुका त्यातून वगळून मुंबई राज्यातच ठेवला गेला. म्हणजे १९५१ चा बेळगाव जिल्हा आणि १९६१ चा बेळगाव जिल्हा एकच नव्हेत, आणि पहिल्याची जनगणना मुंबई राज्याच्या खंडांत शोधावी लागते. अलीकडेही चिकोडीतून निपाणी, अथणीतून कागवाड, गोकाकमधून मूडलगी आणि बैलहोंगलमधून कित्तूर असे नवे तालुके निघाले. २०११ चा चिकोडी तालुका म्हणजे आजचा चिकोडी तालुका धरून कोणी वाढ-घट काढली, तर घट दिसेल आणि तिचे कारण शेतात शोधत बसावे लागेल.

बाजार समितीची आवक आणि भाव ॲगमार्कनेट या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर रोजचे मिळतात आणि शेतकऱ्यांनी सांगितलेले भाव ताडून पाहण्यास ते चांगले आहेत. पण आवक म्हणजे तुमच्या पट्ट्याचे उत्पादन नव्हे. चंदगड आणि खानापूर तालुक्यांतील रताळीही बेळगावच्याच बाजारात येतात, आणि उलट काही माल थेट व्यापाऱ्याच्या गाडीत भरून समितीत न येता बाहेर जातो. कृषिगणनेत खातेदार धरत नाहीत, प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्याचे वहिवाटीचे क्षेत्र धरतात. उताऱ्यावरील खात्यांशी ते आकडे जुळले नाहीत तर ती चूक समजू नये. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर किंवा तळाशी बारीक अक्षरात व्याख्या दिलेली असते. तिची नक्कल वहीत उतरवून घ्या, कारण मौखिक परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक बहुधा तेथूनच सुरुवात करतात.